चिनी मलम आणि न भरणारी जखम



मधुमेह आणि पायाच्या जखमा या विषयावर आम्ही या पानावर लिहिले, तेव्हापासून वस्त्यांतून एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. मोबाईलवर एक चित्रफीत फिरते. चीनमधला कोणी वैद्य काळे पडलेले पाऊल दाखवतो, त्यावर जांभळट लेप लावतो आणि पुढच्या चित्रात तेच पाऊल गुलाबी झालेले असते. खाली लिहिलेले असते, पाय कापू नका. मग बाया विचारतात, ताई, हे खरे असेल तर सरकारी दवाखान्यात आमच्या माणसाचे बोट काढायची भाषा का करतात?

असा प्रश्न कोणी हौसेने विचारत नाही. ज्या घरात महिनोन्महिने न भरणारी जखम आहे, तिथूनच तो येतो. म्हणून हसण्यावारी न नेता उत्तर द्यायचे ठरवले. चिनी वैद्यक ही काही थट्टेची गोष्ट नाही. पण त्या चित्रफितीत जे दाखवतात, ते चीनच्या जुन्या वैद्यांनाही पटले नसते, हे आधीच सांगतो.

चीनमध्ये जखमा, गळवे, नासूर, सडलेली बोटे यांचे एक वेगळे शास्त्र होते. त्याला 'वायके' म्हणतात, म्हणजे बाहेरच्या अंगाचे वैद्यक. त्यातले वैद्य जखमेची अवस्था पाहून औषध ठरवत. गळू नुकतेच लाल, गरम होऊन वर येत असेल तर ते जिरवायचे. त्यासाठी 'सोन्या-चांदीचे फूल' म्हणतात त्या वेलीची फुले, डँडेलियन, जंगली व्हायोलेट अशा वनस्पतींचा काढा देत. पू धरला आणि माणूस अशक्त असेल तर पू बाहेर यायला मदत करायची, त्यासाठी हुआंगची नावाचे मूळ. पू निघून गेला की अंगात ताकद भरायची, तेव्हा दांग्गुईसारखी मुळे. जखमेच्या तोंडाशी नियम असा की आधी सडलेले काढा, मग मांस वाढवा.

हा क्रम नर्सचे शिक्षण घेतलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. ड्रेसिंगच्या खोलीत आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवले गेले. जखमेवर पिवळा-काळा मेलेला थर असेपर्यंत वरून कितीही महागडे औषध लावा, खाली नवे मांस धरत नाही. बँडेज सोडताना रुग्ण ओरडतो, नातेवाईक म्हणतात, राहू द्या सिस्टर, वरूनच मलम लावा. पण तो थर निघावाच लागतो.

या शास्त्रातला एक मोठा वैद्य चेन शिगोंग. मिंग राजवटीत, 1617 साली त्याने 'वायके झेंगझोंग' हा ग्रंथ लिहिला. त्यातली दोन औषधे आजही चीनमध्ये वापरात आहेत. एक सोनेरी-पिवळी पूड, तिच्यात दहा वस्तू. त्यातली एक आपली हळद आणि दुसरी रेवंदचिनी, जिच्या नावातच चीन आहे. ही पूड लाल, गरम, न फुटलेल्या सुजेवर लावायची. दुसरे औषध म्हणजे 'लाल जेड' मलम. तिळाच्या तेलात दांग्गुई, ज्येष्ठमध आणि एक जांभळे मूळ उकळायचे, गाळायचे, त्यात वेताच्या एका जातीचा लाल डिंक आणि मेण घालायचे. हे जांभळे मूळ आपल्याकडच्या रतनजोतीच्या नात्यातले. चित्रफितीतला जांभळट लेप असल्याच कुळातला दिसतो. मूळ कृतीत मात्र आणखी एक वस्तू आहे, पाऱ्याचा क्षार. तिच्याकडे पुढे येऊ.

आता बोट कापण्याचे. चिनी वैद्यकाचा सगळ्यात जुना ग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात गळवे आणि नासूर यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. पायाच्या बोटाला होणाऱ्या सडक्या व्याधीबद्दल तो स्पष्ट सांगतो की ती मागे हटत नसेल तर बोट ताबडतोब कापा, नाहीतर माणूस जाईल. चेन शिगोंगनेही मलमे दिली आणि सडलेले बोट सांध्यातून कसे काढायचे तेही लिहून ठेवले. भूल देण्याची आजची सोय तेव्हा नव्हती, तरी लिहिले. कारण सड वर चढते हे त्याने पाहिले होते. म्हणजे 'चिनी औषध आहे, आता कापायला नको' हे चीनचे शहाणपण नव्हे. ते विकणाऱ्याचे बोलणे आहे.

सातव्या शतकात सुन सिमियाव नावाचा वैद्य होऊन गेला. सतत तहान लागणे, माणूस वाळत जाणे अशा एका आजाराचे वर्णन चिनी ग्रंथांत येते. आज आपण ज्याला मधुमेह म्हणतो, त्याच्याशी ते पुष्कळ जुळते. सुन सिमियावने बजावले आहे की असा रुग्ण बरा वाटत असो वा नसो, त्याला मोठे गळू होण्याची धास्ती कायम बाळगावी आणि औषध आधीच तयार ठेवावे. रक्तातली साखर मोजायचे साधन नव्हते, तरी त्याने जखम आणि आतला आजार यांचे नाते ओळखले. आपल्या घरात साखर तपासायची पट्टी असते, आणि आपण जखमेवर राख लावून बसतो.

बौद्ध घरांतल्या वाचकांना आणखी एक सांगायचे आहे. जखमेचे शास्त्र आपल्याला परके नाही. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांचा एक संपूर्ण खंधक आहे, भेसज्जक्खंधक. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना अंगभर फोड आले होते. पुवाने चीवर अंगाला चिकटायचे, भिक्खू पाण्याने भिजवून ते सोडवत. भगवंतांनी ते पाहिले आणि औषधी चूर्णांची अनुज्ञा दिली. पुढे जखमेबद्दल एकेक अनुज्ञा येते. गळवाला शस्त्र लावणे, तुरट पाण्याने धुणे, तिळाचा लगदा, पट्टी, खाज सुटली तर मोहरीची पूड, वाढलेले मांस मिठाच्या खड्याने काढणे, जखमेचे तेल. यात मंत्र नाही, नवस नाही, कोणाच्या मागच्या जन्माचे पाप नाही. अडचण आली, उपाय केला, तो पुरला नाही, दुसरा केला.

त्याच काळाच्या मागेपुढे या देशात दुसरा एक विचार बळावत होता. मनुस्मृतीने वैद्याचे अन्न पुवासारखे अपवित्र ठरवले. पुवाला हात लावणारा तो हलका. चीनमध्येही पोथ्या वाचून नाडी पाहणारा वैद्य वरचा आणि गळवे फोडणारा खालचा, असा भेद होताच. जखम धुण्याच्या कामाला अजूनही दवाखान्यात काय मान मिळतो, ते वॉर्डात काम केलेल्या बायांना विचारा.

चीनचा आणि आपला वैद्यकाचा संबंधही याच वाटेने गेला. इत्सिंग हा चिनी भिक्खू 671 साली निघाला, नालंदेत वर्षानुवर्षे शिकला आणि 695 मध्ये परतला. त्याच्या प्रवासग्रंथात भारतातल्या वैद्यकाची माहिती आहे आणि चीनच्या जडीबुटींचे कौतुकही आहे. पण स्वतःच्याच देशात विष्ठा-मूत्राचे औषध 'ड्रॅगनचा काढा' अशा भारदस्त नावाने देत, त्यावर त्याने कडक टीका केली. नाव भारदस्त असले म्हणून घाण औषध होत नाही, हे सांगायला तो कचरला नाही. आपल्याकडे आज असे कोणी बोलले तर काय होईल, ते वाचकांना माहीत आहे.

आता त्या पाऱ्याकडे. 'सडलेले काढा' या कामासाठी चिनी वैद्य पारा, सोरा आणि तुरटी भाजून एक लाल पूड करत. ती पाऱ्याची राख, अतिशय जहाल. नऊ भाग भाजलेले जिप्सम आणि एक भाग ही पूड असे तिचे सौम्य रूप जखमेत भरत. मेलेले मांस तिने सुटते, हे खरे. पण उघडी जखम म्हणजे शरीराचे उघडे दार. पारा तिथून रक्तात जातो, मूत्रपिंडावर बसतो. मधुमेहीचे मूत्रपिंड आधीच थकलेले असते. चीनच्या जुन्या काळ्या चिकटपट्ट्या तिळाच्या तेलात शेंदूर उकळून करत. शेंदूर म्हणजे शिसे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक. आपल्याकडचे काही वैदू आणि भोंदू पारा, हिंगूळ, मनशीळ वापरतात, तेव्हा हे चीनचेच दुखणे आहे असे समजू नका.

दुसरे विष आजच्या काळातले आहे. लंडनमध्ये चिनी जडीबुटीच्या दवाखान्यांतून इसब आणि त्वचारोगांसाठी मलमे मिळत. रुग्णांना भराभर गुण येई. तिथल्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी अशी 11 मलमे तपासली. त्यांपैकी 8 मलमांत डेक्सामेथासोन सापडले. हा निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. डेक्सामेथासोन हे जोरदार स्टेरॉइड आहे, ते कोणत्याही मुळीत उगवत नाही. कोणीतरी ते डबीत घातले होते. ही मलमे लहान मुलांच्या तोंडावरही लावली जात होती.

स्टेरॉइडचे मलम लावले की लाली जाते, खाज थांबते, दोन दिवसांत माणूस खूश होतो. पण कातडी पातळ होत जाते, आतला जंतू मोकाट वाढतो आणि जखम भरायची थांबते. नायट्यावर अशी मलमे लावून अंगभर चट्टे पसरलेली किती माणसे आमच्याकडे येतात! ती मलमे काही चीनमधून आलेली नसतात, नाक्यावरच्या दुकानातून येतात. म्हणून आमचा एक ठोकताळा आहे. 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणवणारे मलम दोन दिवसांत जादू करत असेल, तर जादूवर नव्हे, डबीवर संशय घ्या.

पोटात घ्यायच्या काढ्यांची गोष्ट आणखी गंभीर. 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रुसेल्समधल्या एका दवाखान्यात वजन उतरवण्यासाठी बायकांना चिनी मुळ्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या. एका मुळीच्या जागी नावाने जवळची दुसरी, विषारी मुळी पडली. शंभरच्या आसपास बायकांची मूत्रपिंडे बिघडली, कित्येकींची कायमची गेली. पुढे त्यांतल्या काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्या विषाचे नाव अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. मुळी नैसर्गिकच होती.

मग यात चांगले काहीच नाही का? आहे. चिनी वैद्य जखमेवर जे पिवळे कडू मूळ वापरत, त्यात बर्बेरीन नावाचे द्रव्य असते. आपल्या दारुहळदीतही तेच असते. प्रयोगशाळेत ते जंतूंची वाढ रोखते. जांभळ्या मुळातला रंगही सूज आणि जंतू यांवर काम करताना दिसतो. जखम तेल-मेणाच्या मलमाखाली ओलसर ठेवायची, पार कोरडी पडू द्यायची नाही, ही त्यांची जुनी समजूत होती. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांवर प्रयोग करून दाखवले की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी कातडी लवकर येते. आपल्याकडे अजून म्हणतात, जखमेला वारा लागू दे, खपली धरू दे. इथे चिनी आजोबा आपल्या आजीपेक्षा पुढे होते.

पण प्रयोगशाळेतल्या काचेत जंतू मरणे वेगळे आणि सखूबाईच्या टाचेची जखम भरणे वेगळे. चीनमध्ये अशा मलमांच्या पुष्कळ चाचण्या झाल्या. बऱ्याच लहान आहेत, कोणाला कोणते औषध दिले ते डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक असते, आणि निकाल बहुतेक वेळा चांगलाच छापून येतो. त्यावर भिस्त ठेवून पाय पणाला लावता येत नाही. शिवाय तिथल्या रुग्णालयात हे मलम एकटे नसते. सोबत इन्सुलिन असते, प्रतिजैविके असतात, सडलेले मांस कापून काढणे असते, पायाची रक्तवाहिनी तपासणे असते. चित्रफितीत फक्त लेप दिसतो.

जडीबुटीचे औषध कसे व्हावे, याचे उदाहरण चीननेच दिले आहे. तू यूयू या बाईंनी चौथ्या शतकातल्या एका जुन्या पुस्तकात हिवतापावरची वनस्पती शोधली. काढा उकळून उपयोग होईना. पुस्तकात तर ती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. म्हणून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. त्या अर्कातून आर्टेमिसिनिन मिळाले, 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि आज आपल्या सरकारी दवाखान्यात मेंदूपर्यंत जाणाऱ्या हिवतापावर त्याच कुळातल्या गोळ्या देतात. पुस्तक जुने आहे म्हणून तू यूयू यांनी मान डोलावली नाही, फेकूनही दिले नाही. एहिपस्सिको, येऊन पाहा, याचा अर्थ आम्हाला तरी असाच कळतो. जखमेच्या मलमांचा एवढा प्रवास अजून झालेला नाही.

जंतू किती लवकर माणूस नेतो, याचीही एक आठवण चीनशी जोडलेली आहे. 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. तिथेच कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून काम करत. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले, विष अंगात भिनले आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते गेले. एवढा मोठा सर्जन, जखम बोटाची. त्यांच्याच नावाच्या रुग्णालयाचे पुढे कोटणीस प्रमुख झाले. पेनिसिलिन तेव्हा त्या डोंगरांत पोचले नव्हते. आज ते आणि त्याच्या पुढची औषधे आपल्या महानगरपालिकेच्या दवाखान्यात मिळतात.

आता आपल्या घराचे पाहू. जखम का झाली, हे आधी शोधायचे. एकाच डबीने सगळ्या जखमा भरत नाहीत, कारण त्यांची मुळे वेगळी असतात. पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, तळव्याला भोक पडले तरी दुखत नाही, तर साखर तपासा. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेबांची शेवटची वर्षे किती जड गेली, ते आपण वाचलेले आहे. अंगावर फिकट चट्टा असेल, तिथे टोचलेले कळत नसेल आणि हातापायाला जखमा होत असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, लपवण्यासारखे त्यात काही नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला जखम, वर फुगलेल्या निळ्या शिरा, दिवसभर उभे राहायचे काम, असे असेल तर दुखणे शिरांचे आहे. तिथे दाब देणारी पट्टी लागते, पण पायातला रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ती घट्ट बांधायची नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाला जखम झाली असेल, तर दर दोन तासांनी कूस बदलणे हेच पहिले औषध.

सफाईच्या, गटाराच्या, कचरा वेचायच्या, सिमेंटच्या कामावर जाणाऱ्यांनी रात्री झोपताना तळवे पाहायचे. स्वतःला दिसत नसतील तर लेकरांना पाहायला सांगा किंवा खाली आरसा धरा. जखम दिसली तर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले ते विचारा. हळद, चुना, तंबाखू, राख, टूथपेस्ट यांतले काहीही आत भरू नका. दोन आठवड्यांत जखम लहान होत नसेल तर डॉक्टर. काळेपणा, दुर्गंधी, ताप, वर चढणारी लाल रेघ, अचानक गार पडलेले पाऊल यांपैकी काहीही दिसले तर दोन आठवडे नव्हे, त्याच दिवशी. मधुमेहीच्या पायाला तर जखम होताच दाखवायचे. बोट काढायचे म्हणाले तर घाबरून घरी पळू नका. पायाचा रक्तपुरवठा तपासला का, तो सुधारता येतो का, महात्मा फुले योजनेत उपचार बसतात का, हे विचारा. तो तुमचा हक्क आहे. एक बोट वेळेत गेले म्हणून पाऊल वाचले, अशी माणसे आमच्या ओळखीत चालत कामाला जातात.

आणि ज्यांनी आधीच असले एखादे मलम आणून लावले आहे, त्यांना रागावू नका. ते घाबरले होते म्हणून त्यांनी ते आणले. मलम लावणे थांबवा, पण डबी फेकू नका. अंगावर बरीच जागा व्यापून महिनोन्महिने लावले असेल, किंवा सोबत गोळ्या-काढाही चालू असेल, तर बंद करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइड एकदम थांबले तर त्रास होतो. डबी कुठून घेतली, किती दिवस लावली, पोटात काय घेतले, हे कागदावर लिहून डबीसकट डॉक्टरांपुढे ठेवा. लिहायला अडचण असेल तर आशाताई लिहून देतील.